बाहेरचे खाणे : मुंबईचे खाद्यजीवन आणि आरोग्यविचार यांची एक चिकित्सा

प्रस्तावना

जुलै २०२५ मध्ये समोसा, जिलेबी, वडापाव यांसारख्या पदार्थांवर सिगारेटच्या वेष्टनाप्रमाणे इशारे छापले जाणार, अशी बातमी देशभर पसरली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला लगोलग खुलासा करावा लागला. मूळ सूचना कार्यालयांच्या उपाहारगृहांत आणि दर्शनी भागांत तेल व साखर यांविषयी माहितीफलक लावण्यापुरती होती. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापण्याचा आदेश तीत नव्हता आणि भारतीय पदार्थांना वेगळे काढण्याचा हेतूही नव्हता. बातमी चुकीची ठरली. तथापि तिच्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया विचार करण्याजोग्या आहेत. एका पक्षाने 'बाहेरचे खाणे बंदच करावे' असे म्हटले. दुसऱ्या पक्षाने 'हा आमच्या खाद्यसंस्कृतीवरील घाला आहे' असे म्हटले. ज्या माणसाला दुपारी दोन वाजता दादर स्थानकाबाहेर काहीतरी खाऊन पुढची गाडी पकडायची असते, त्याने काय खावे, याचा विचार दोहोंपैकी कोणीही केला नाही.

प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाची मांडणी अशी की, शहरातील आहाराचे आरोग्य अन्न कोठे शिजले यावर तितकेसे अवलंबून नसून ताटात काय, किती आणि कोणत्या तेलात आले यावर अवलंबून असते. उदाहरणादाखल मुंबई शहर घेतले आहे, कारण बाहेर खाणे ही येथे चैन नसून शंभराहून अधिक वर्षांची गरज आहे.

'घर' आणि 'बाहेर' : एका द्वैताची पार्श्वभूमी

'घरचे ते सकस, बाहेरचे ते बाधक' ही धारणा आपल्या मनात इतकी रुजलेली आहे की, ती वैद्यकीय आहे असेच आपण समजतो. वस्तुतः तिची मुळे आरोग्यविचाराइतकीच सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेत आहेत. अन्न कोणाच्या हातचे, हा प्रश्न अन्नात काय आहे या प्रश्नाच्या आधी विचारला जात असे. जुन्या काळातील अनेक खाणावळी ज्ञातीनुसार विभागलेल्या होत्या, त्या याच कारणाने. विसाव्या शतकाच्या आरंभी दादर येथे सुरू झालेल्या मामा काणे यांच्या उपहारगृहाच्या नावातच 'स्वच्छ' हे विशेषण होते. बाहेरचे अन्नही विश्वासार्ह असू शकते, असे ग्राहकाला नावातूनच सांगावे लागत होते. याउलट इराणी हॉटेलांनी जात-धर्म न विचारता सर्वांपुढे चहा आणि ब्रुन-मस्का ठेवला. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात या साध्या कृतीचे मोल मोठे आहे.

मुंबईत आलेल्या गिरणी कामगारांपैकी कितीतरी जण कुटुंब गावी ठेवून आलेले होते. त्यांचे जेवण गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांच्या हातचे असे. या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. या खाणावळीचे अन्न 'घरचे' म्हणावे की 'बाहेरचे'? ते एका घरात शिजत होते, परंतु पैसे देऊन खाल्ले जात होते. १८९० पासून चालत आलेली डबेवाल्यांची व्यवस्थाही अशीच उंबरठ्यावरची आहे. या दोन उदाहरणांतच घर आणि बाहेर हे द्वैत मोडून पडते.

या द्वैतामागे आणखी एक गृहीतक दडलेले आहे. 'घरचेच खावे' हा सल्ला ज्या वेळी दिला जातो, त्या वेळी घरी कोणीतरी, बहुधा एखादी स्त्री, पहाटे उठून ते रांधणार आहे, हे मानूनच दिला जातो. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) हे पुस्तक वाटी-चमच्याच्या सोप्या मापांमुळे घराघरांत पोहोचले. त्याचा वाचकवर्ग प्रामुख्याने गृहिणींचा होता. आज ती गृहिणीच सकाळी सातच्या लोकलमध्ये उभी आहे. तिला, तिच्या पतीला आणि वसतिगृहात राहणाऱ्या तिच्या मुलाला आपला आहारसल्ला अजूनही १९७० सालच्या स्वयंपाकघरातूनच दिला जातो.

सल्ल्याची मर्यादा

आहारसल्ल्याची गरज नाही, असे येथे सुचवायचे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडला आहे. प्रश्न गंभीर आहे, याविषयी दुमत नाही.

मतभेद आहे तो उपायाच्या स्वरूपाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये परिपत्रक काढून उच्च शिक्षण संस्थांच्या आवारात 'जंक फूड'ला बंदी घालण्यास सांगितले आणि २०१८ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून दिली. हेतू योग्य होता. परंतु बंदी घातलेल्या पदार्थाच्या जागी काय ठेवायचे, त्याची किंमत किती असावी आणि ते खाण्यासाठी विद्यार्थ्याला वेळ कोणता, या प्रश्नांची उत्तरे बंदीतून मिळत नाहीत. कॅन्टीनमधील सामोसा बंद झाला की विद्यार्थी फाटकाबाहेरच्या गाडीवर जातो. सामोसा तोच असतो, तेल मात्र अधिक वेळा तापलेले असण्याचा संभव असतो.

याउलट जे बदल माणसाच्या मनोनिग्रहावर सोपविले नाहीत, ते अधिक टिकाऊ ठरलेले दिसतात. तेल व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स मेदाची मर्यादा २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली. वारंवार तळलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. अंमलबजावणीत उणिवा असतीलही. परंतु येथे दिशा योग्य आहे. खाणाऱ्याला दोष देण्याऐवजी कढईकडे पाहिले गेले आहे.

ताटाची चिकित्सा

आता प्रत्यक्ष ताटाकडे वळू. 'बाहेरचे' या एका शब्दात आपण किती भिन्न पदार्थ कोंबतो, हे वडापाव आणि मिसळ यांच्या तुलनेतून स्पष्ट होते. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकण्यास सुरुवात केली, असे सांगितले जाते. बटाटा, मैद्याचा पाव आणि तळणीचे तेल ही त्याची घडण होय. बेसनाचे आवरण आणि लसणाची कोरडी चटणी सोडल्यास त्यात प्रथिने व चोथा बेताचेच आहेत. स्वस्त, गरम, एका हातात मावणारा आणि डोळ्यांदेखत तळलेला, हे त्याचे गुण आहेत आणि ते खोटे नाहीत. मात्र न्याहारी, मधली सुट्टी आणि रात्रीचे जेवण या तिन्ही जागा तो घेऊ लागला, तर ती पोषणाची समस्या ठरते.

मिसळीचा पाया मात्र मोड आलेल्या मटकीची उसळ हा आहे. कडधान्याला मोड आणण्याची आपली जुनी पद्धत आहारशास्त्राच्या दृष्टीने उत्तम आहे. त्यावर फरसाणाचा डोंगर आणि तर्रीचा तवंग चढतो, तेव्हा पाया झाकला जातो. तोच पदार्थ फरसाण निम्मे करून, तर्री बेताची घेऊन, वर कांदा-लिंबू आणि सोबत एकच पाव घेऊन खाल्ला तर रुचीत फारसे उणे पडत नाही. म्हणजे प्रश्न पदार्थ टाळण्याचा नसून त्याची रचना ओळखण्याचा आहे.

पूर्ण जेवणाचा विचार करताना मुंबईच्या उपाहारगृहातील एक शब्द लक्ष वेधून घेतो : 'राइसप्लेट'. जेवणाचे नावच भातावरून पडावे, यात त्याचे सारे अर्थशास्त्र आले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या तत्त्वांनुसार २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तृणधान्ये २५० ग्रॅम, तर भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि डाळी, अंडी वा मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम असावेत. २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांत सुरू झालेल्या शासनाच्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम वरण ठरविण्यात आले. संस्थेची मापे कच्च्या जिन्नसांची व दिवसाची, थाळीची शिजलेल्या अन्नाची व एका वेळेची. म्हणून आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे. तरीही दिशा स्पष्ट आहे. संस्थेच्या ताटात भाजी धान्याहून अधिक आहे. थाळीत धान्य भाजीच्या दुपटीहून अधिक आहे. इतक्या अल्प दरात वरण-भाजीसह गरम जेवण देणे ही मोठी गोष्ट होती, हे मान्य करूनही हा कल नोंदविला पाहिजे.

हा कल केवळ या थाळीचा नाही. खाजगी खाणावळीतही महागाई वाढली की प्रथम कोशिंबीर लहान होते, मग उसळीची वाटी पातळ होते. भात मात्र मागाल तितका मिळतो. भाजी निवडावी, चिरावी लागते, ती नासते. तांदूळ साठवता येतो. घरच्या ताटाची स्थितीही फारशी निराळी नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. घरोघरच्या साबुदाणा खिचडीचा, पापड-लोणच्याचा आणि भातावर घेतलेल्या भाताचा त्यात वाटा आहेच. घर हे आपोआप आरोग्याचे माहेर ठरत नाही.

गौरवाची दुसरी बाजू

आरोग्यवादी भूमिकेप्रमाणेच खाद्यगौरवाची भूमिकाही तपासली पाहिजे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून येणाऱ्या खाद्यभ्रमंतीपर लेखनाने अनेक लहान उपाहारगृहांना प्रतिष्ठा दिली, हे त्याचे श्रेय आहे. परंतु अशा लेखनात 'पारंपरिक' हा शब्द प्रशस्तिपत्रासारखा वापरला जातो. मैद्याचा पाव पोर्तुगीजांकरवी आला आणि बटाटा दक्षिण अमेरिकेतून. वडापाव जेमतेम साठ वर्षांचा आहे. त्याच्यावर प्रेम करण्यास वय आड येत नाही. परंतु परंपरेचे नाव घेऊन तेल आणि मीठ यांविषयीचे प्रश्न टाळता येत नाहीत.

भरडधान्यांचा गौरवही याच जातीचा आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणी-ज्वारी महागड्या उपाहारगृहांच्या पदार्थसूचीत दाखल झाली. स्वागतार्ह असले, तरी हे पुरेसे नाही. उपरोक्त २०२५ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवून केवळ पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. भाकरी थोर आहे, ती पिठले, उसळ, कांदा आणि पालेभाजी यांच्या संगतीत. कष्टकऱ्याच्या ताटातून भाकरी एकटी उचलून तिचे उदात्तीकरण करणे म्हणजे त्या ताटाचे शहाणपण मागे ठेवणे होय.

आस्वाद आणि अवकाश

रुची ही आरोग्याची वैरीण आहे, या समजुतीला मुंबईतीलच अनेक पदार्थ उत्तर देतात. भाजणीचे थालीपीठ आणि दही. मालवणी खाणावळीतील बांगड्याचे कालवण, तिसऱ्यांची एकशिपी आणि सोलकढी. अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर, पातळ ताक. हे पथ्याचे पदार्थ नव्हेत. चवीने खाण्याचे आहेत. मात्र ते खाण्यासाठी दोन गोष्टी लागतात : परवडणारी किंमत आणि बसण्याइतका वेळ. वडापावाने शहर जिंकले ते चवीने तसे वेळेच्या टंचाईनेही. घाईने खाणाऱ्याला पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. चवीने, निवांत बसून खाणे ही म्हणूनच केवळ रसिकता नव्हे. आहाराच्या शिस्तीचाच तो एक भाग आहे.

येथे हा विषय आपल्या महाविद्यालयांच्या दारात येऊन थांबतो. सकाळच्या सत्रापासून दुपारपर्यंत सलग तासिका लावणारे वेळापत्रक आपणच तयार करतो आणि नंतर विद्यार्थ्यांच्या खाण्याच्या सवयींविषयी व्याख्यानेही आपणच ठेवतो. उपाहारगृहाचा ठेका सर्वांत कमी दराच्या निविदेला दिला की स्वस्तातील बटाटा आणि मैदा ओघानेच येतात. त्याऐवजी करारात रोज एक उसळ, एक कोशिंबीर, ताक आणि अर्ध्या भाताचा पर्याय यांचा समावेश करणे, तळणीच्या तेलाची नियमित तपासणी करणे आणि वेळापत्रकात अर्ध्या तासाची खरी सुट्टी ठेवणे, हे कोणत्याही प्राचार्यांच्या आणि समितीच्या अधिकारात आहे. परिसरातील एखाद्या महिला बचत गटाकडे हे काम सोपविल्यास गिरणगावातील खाणावळीच्या परंपरेचेच ते पुढचे पाऊल ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'बाहेरचे टाळा' हा सल्ला आणि 'बाहेरचे म्हणजे आमची संस्कृती' हा अभिमान, दोन्ही एकाच चुकीच्या प्रश्नाची उत्तरे आहेत. अन्न उंबरठ्याच्या आत शिजले की बाहेर, यावर दोन्ही बाजूंची दृष्टी खिळलेली आहे. शहरातील उपाहारगृह हे लाखो माणसांचे रोजचे स्वयंपाकघर आहे. त्याला मोहाचे स्थान वा वारशाचे स्मारक न मानता सार्वजनिक आरोग्याची एक संस्था मानले, तर त्याच्याकडून काही मागता येईल आणि त्याला काही देताही येईल. भाताच्या ढिगाशेजारी उसळीची वाटी थोडी मोठी व्हावी, ही ती मागणी होय. ती विद्यार्थ्याच्या मनोनिग्रहापाशी करण्याआधी ताट मांडणाऱ्यांपाशी केली पाहिजे, आणि त्या मांडणाऱ्यांत आपणही आहोत.