रेषेतला अध्यापक

‘अध्यापक म्हणून आपण स्वतःकडे कसे पाहता?’ असे विद्यापीठातील प्राध्यापकास विचारले, तर उत्तर बहुधा सुघड मिळते. शब्द हेच ज्याचे नित्याचे साधन, त्याला शब्दांच्या आड उभे राहणे कठीण नसते. विद्यार्थी हाच केंद्रबिंदू, शिक्षक केवळ मार्गदर्शक, ही वाक्ये आता नेमणुकीच्या मुलाखतीतही तोंडपाठ म्हटली जातात. डेव्हिड केंबर यांनी १९९७ साली प्राध्यापकांच्या अध्यापनविषयक धारणांवरील अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात विषयकेंद्री आणि विद्यार्थिकेंद्री असे दोन मुख्य कल त्यांना दिसले. तो डोलारा बव्हंशी मुलाखतींवरच उभा होता. काही संशोधकांनी म्हणून दुसरा मार्ग धरला. प्राध्यापकाच्या हाती कोरा कागद आणि पेन्सिल द्यायची व शिकवीत असलेल्या स्वतःचे चित्र काढावयास सांगायचे. ज्या हाताला रेषेची सवय नाही त्याला रेषेची लबाडीही साधत नाही, अशी त्यामागची श्रद्धा. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

युक्ती तशी जुनीच. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली माणसाच्या चित्रावरून मुलाची बुद्धी मोजली, तर कॅरन मॅकोव्हर यांनी १९४९ साली अशाच चित्रात व्यक्तिमत्त्व शोधले. डेव्हिड चेंबर्स यांच्या १९८३ च्या अभ्यासात ४,८०७ मुलांनी शास्त्रज्ञाचे चित्र काढले. त्यांत स्त्री-शास्त्रज्ञ अवघ्या २८, आणि त्याही सगळ्या मुलींनीच काढलेल्या. हा आकडा पुष्कळदा सांगितला जातो. पण त्यातून उठणारा प्रश्न तितका विचारला जात नाही. मुलांनी काढले ते स्वतःचे मत, की समाजात रूढ असलेली खूण? ‘शास्त्रज्ञ’ ओळखू यावा म्हणून पांढरा डगला काढावा लागतो, तसाच ‘शिक्षक’ ओळखू यावा म्हणून फळा काढावा लागतो. फळ्यावाचून शिक्षक रेखाटण्यास चांगला चित्रकारच हवा.

कॅनडातील सँड्रा वेबर आणि क्लॉडिया मिचेल यांना याची जाण होती. १९९५ च्या त्यांच्या पुस्तकात मुलांनी व भावी शिक्षकांनी काढलेली शिक्षकांची चित्रे आहेत, आणि फळ्यापुढे उभी राहून शिकवणारी बाई त्यांत पुन्हापुन्हा भेटते. त्या दोघी चित्रांना गुण देत बसल्या नाहीत. ही प्रतिमा आली कोठून, हे त्यांनी विचारले. माझ्या मते या क्षेत्रातले ते सर्वांत समंजस काम होय.

२००१ साली थॉमस, पेडरसन व फिन्सन यांनी विज्ञानशिक्षकांसाठी तेरा बाबींची तपासयादी सिद्ध केली, आणि येथे मामला बिघडतो. शिक्षक व्याख्यान देत आहे, ताठ उभा आहे, विद्यार्थी बसून ऐकत आहेत, बाके ओळीने मांडली आहेत, अशी प्रत्येक बाब चित्रात दिसली की एक गुण. गुण जितके अधिक, तितका शिक्षक स्वकेंद्री. आता नारदीय कीर्तनाचे चित्र या यादीपुढे ठेवावे. बुवा पुढे उभे, श्रोते बसलेले, नजरा एकाच दिशेला. गुण भरघोस पडणार. पण निरूपणाला मान डोलावणारा, भजनात टाळी धरणारा तो श्रोता निष्क्रिय असतो काय? पुढे उभे राहून बोलणे हा दोष मानण्याआधी कोण, कोणापुढे आणि कसे बोलतो हे पाहावे लागते. शंभरावर विद्यार्थ्यांच्या वर्गात जमिनीला खिळलेली बाके प्राध्यापकाने चित्रात काढली, तर ती त्याची धारणा नव्हे, संस्थेची इमारत होय.

एका प्रदेशाची मोजपट्टी दुसरीकडे जशीच्या तशी लावू नये, हे भान आपल्याकडे होते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी माणसाच्या चित्राची कसोटी भारतीय मुलांसाठी नव्याने बसवली. मुलांच्या बाबतीत घेतलेली ही काळजी प्राध्यापकांच्या बाबतीत नको काय?

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. समजा, एखाद्या प्राध्यापकाने टेबल, ग्रंथांची रास आणि त्यात बुडालेला स्वतः, एवढेच काढले. विद्यार्थी एकही नाही. शाळाशिक्षकाला असे चित्र सुचणे अवघड; विद्यापीठात, जेथे संशोधनाला अध्यापनापेक्षा अधिक मान आहे, तेथे ते सहज सुचेल. तपासयादी जे दिसते तेवढेच मोजते. बसलेले विद्यार्थी नाहीत, बाकांच्या रांगा नाहीत, म्हणून त्या बाबींचे गुण शून्य. आणि कमी गुण म्हणजे शिक्षक विद्यार्थिकेंद्री! ज्याच्या चित्रात विद्यार्थ्याला जागाच नाही, तोच यादीच्या दृष्टीने विद्यार्थ्यांचा कैवारी ठरावा, यापरते विडंबन ते कोणते? चित्रातले सर्वांत बोलके स्थान म्हणजे त्यातली रिकामी जागा, आणि ती वाचायला डोळा लागतो, बेरीज नव्हे.

त्याच कसोटीत चित्राखाली दोन साधे प्रश्न छापलेले असतात: शिक्षक काय करीत आहे? विद्यार्थी काय करीत आहेत? तेरा बाबींच्या गजबजाटात ते बाजूला पडतात. प्राध्यापकांकडून चित्रे काढून घेणाऱ्यांनी गुणपत्रक दूर ठेवून हे दोन प्रश्न तेवढे ठेवावेत, आणि दुसऱ्याचे उत्तर आधी वाचावे.