फणी कोणाच्या हाती?

केसांसारखा विषय घेऊन समीक्षा लिहावयाची म्हटले की पुष्कळांच्या कपाळावर आठी उमटते. प्रेम, मृत्यू, दारिद्र्य, बंड हे साहित्याचे विषय. तेल, फणी आणि शिकेकाई या न्हाणीघरातल्या गोष्टी, अशी आपली एक न बोललेली विभागणी आहे. आपल्या भाषेला मात्र ती मान्य नाही. विश्वासघात झाला की आपण केसाने गळा कापला म्हणतो. अभय द्यायचे तर केसालाही धक्का लागणार नाही म्हणतो. एखाद्या पोरीला हिणवायचे असेल तर ‘झिपरी’ हा एकच शब्द पुरतो. माणसाच्या अब्रूचा, वयाचा आणि जातकुळीचा हिशेब भाषेने केसांच्या खात्यावर मांडून ठेवला आहे. साहित्याने ते खाते उघडून पाहिले आहे काय, आणि पाहिले असेल तर कितपत, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

तो मनात येण्याचे कारण चिमामांडा न्गोझी अदिची या नायजेरियन लेखिकेची ‘अमेरिकाना’ ही कादंबरी. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. इफेमेलू नावाची मुलगी लागोसहून अमेरिकेत शिकायला जाते, तिथे बरीच वर्षे काढते आणि शेवटी परत येते. कादंबरीत प्रेमकथा आहे, परक्या देशातले एकटेपण आहे, वर्णभेदाची बारीक आणि बोचरी निरीक्षणे आहेत. परंतु या साऱ्याला उभे धरणारा कणा माझ्या मते इफेमेलूच्या केसांची गोष्ट हाच आहे. हे पटण्यासाठी त्या केसांची निगा म्हणजे काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. कारण आपल्याकडच्या वाचकाला त्याची कल्पना असण्याचे कारण नाही.

आफ्रिकी वंशाच्या बहुतेक स्त्रियांचे केस दाट आणि घट्ट कुरळे असतात. ते सरळ करण्यासाठी जे औषध लावतात त्याला रिलॅक्सर म्हणतात. नाव मोठे सौम्य आहे, केसांना सैलावणारे. आत असतो कॉस्टिक सोडा, नाहीतर त्याच जातीचा दुसरा एखादा क्षार. केसातल्या प्रथिनांत गंधकाचे जे दुवे असतात, ज्यांच्यामुळे केसाचे वळण टिकते, ते दुवे हा क्षार मोडतो. आणि एकदा मोडले की ते पूर्ववत होत नाहीत. पण मुळातून येणारा नवा केस आपल्या जन्मजात वळणानेच येतो, महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी फक्त मुळाशी औषध पुन्हा लावावे लागते. जुन्या भागावर ते गेले तर केस तुटतो, टाळूवर जास्त वेळ राहिले तर कातडी भाजते. सरळ झालेला केस आणि नवा कुरळा केस जिथे मिळतात तो सांधा सर्वांत नाजूक. शिवाय क्षार मारणारा शांपू, ओलावा धरून ठेवणारी तेले, रात्री डोक्याला रेशमी रुमाल, आणि पावसाची धास्ती. मायदेशी हे सारे हाताशी असते, कारण गल्लीतल्या केस करणाऱ्या बाईला ते उपजत ठाऊक असते. परक्या गावात ते ज्ञानही नसते आणि तो हातही नसतो.

अदिचींनी हे शास्त्र कादंबरीत व्याख्यानासारखे सांगितलेले नाही. त्यांनी त्याला कथेचा घाट दिला आहे. कादंबरीच्या आरंभी इफेमेलू प्रिन्स्टनहून आगगाडीने ट्रेंटनला निघते. विद्येसाठी जगभर नावाजलेल्या गावात तिच्या केसांच्या वेण्या घालून देणारे कोणी नाही, म्हणून हा प्रवास. ट्रेंटनच्या त्या साध्याशा दुकानात, पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या बायकांच्या हाताखाली ती कित्येक तास बसते, आणि त्या बसण्यातूनच तिचा सारा भूतकाळ उलगडत जातो. मागचे प्रसंग आठवण्यासाठी कादंबरीकार नेहमी खिडकी, पाऊस किंवा जुने पत्र शोधतात. अदिचींनी जी वेळ बायकांना खरोखर काढावीच लागते तीच उचलली. घाट आणि आशय इथे वेगळे करता येत नाहीत, ते यामुळे.

रिलॅक्सरचा प्रसंग त्या भूतकाळातला आहे. नोकरीच्या मुलाखतीला जायचे तर केस सरळ हवेत, असा सल्ला इफेमेलूला मिळतो. डॉक्टरीची परीक्षा दिलेल्या आंटी उजूनेही तिच्याआधी हेच केलेले असते. इफेमेलू केस सरळ करून घेते, टाळू भाजते, खपल्या धरतात. नोकरी मिळते. पुढे कानशिलाजवळचे केस गळू लागतात आणि एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती ते अगदी आखूड कापून टाकते. आरशात पाहून तिला स्वतःची लाज वाटते, ती कामावर जात नाही. आणि मग हळूहळू त्या केसांवर तिचे प्रेम बसते. लेखिकेने इथे आवाज चढवलेला नाही. दुखापत आणि बढती एकाच पगारपत्रकात कशी लिहिलेली असते, एवढेच ती दाखवते.

आता आपल्याकडे वळू. मराठी कादंबरीने केसांचा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे, हे अभिमानाने सांगता येईल. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूचे वैधव्यानंतर बळजबरीने झालेले केशवपन वाचून आजही अंगावर काटा येतो. त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर केशवपनाविरुद्ध लेखणी झिजवीत होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निश्चय केला. ज्या जोतीराव फुल्यांच्या विचारांतून लोखंडे घडले, त्यांचे मूळ गाव कटगुण, तेही सातारा जिल्ह्यातलेच. आणि पार्वतीबाई आठवले तर केशवपन सोडून, डोक्यावर केस राखून, १९१८ साली अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. परदेश, पोटासाठी कष्ट आणि स्वतःच्या डोक्यावरचा हक्क ही तिन्ही सूत्रे इफेमेलूच्या कितीतरी आधी एका मराठी बाईच्या आयुष्यात एकत्र आली होती. त्यांच्या ‘माझी कहाणी’कडे आपण सुधारणेचा दस्तऐवज म्हणून पाहिले. माणसाच्या शरीराची कहाणी म्हणून ते पुस्तक वाचायचे अजून बाकी आहे.

या पार्श्वभूमीवर ‘अमेरिकाना’तला इफेमेलूच्या आईचा प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आईचे केस घनदाट, साऱ्या वस्तीत नावाजलेले. मुलगी त्यांच्या सावलीत वाढलेली. एके दिवशी आई धर्माच्या उन्मादात ते कापते आणि जाळून टाकते. वस्तरा धरायला तिथे न्हावी आलेला नाही, सासरा उभा नाही. हात तिचाच आहे. तरीही वाचकाला हे केशवपनच वाटते. कात्री स्वतःच्या हातात असली म्हणून इच्छा स्वतःची असतेच असे नाही, हे अदिचींनी एका पानात दाखवले. आपल्या सुधारणावादी कादंबरीत जुलूम नेहमी बाहेरून येतो. तो आतून कसा बोलू लागतो, हे तिला क्वचितच सांगता आले.

इथवर मी कादंबरीच्या बाजूने बोलले. आता तिच्याशी माझा मतभेद. इफेमेलूचे केस कापले जातात, मूळ वळणाने वाढतात आणि त्याबरोबर ती स्वतःला सापडते. औषधाने सरळ केलेला केस म्हणजे बंधन आणि निसर्गाने दिलेला केस म्हणजे मुक्ती, असे एक समीकरण कादंबरीत नकळत तयार होते. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या आणि सांगलीत राहणाऱ्या माझ्यासारखीला हे समीकरण सहजासहजी मान्य होत नाही. कारण आमच्या भागात निसर्गावर सोडलेल्या केसानेच बायकांची आयुष्ये बांधून टाकली आहेत. मी जटेविषयी बोलते आहे.

केस नीट धुतले नाहीत, विंचरले नाहीत, की ते एकमेकांत अडकतात. तेल, धूळ आणि घाम यांनी गुंता घट्ट होतो. कष्टकरी घरातल्या पोरीला विंचरायला वेळ कोठला? गुंता दिसला की कोणीतरी म्हणते, यल्लम्माचे बोलावणे आले. मग त्याला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. वर भंडारा आणि कुंकू. गुंत्याची जट होते, जटेच्या ओझ्याने मान दुखते, आणि पोर सौंदत्तीला नेऊन देवीला सोडली जाते. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, पण कायद्याला केसांतला गुंता सुटत नाही. तो सोडवण्याचे काम पुढे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी केले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या चळवळीचे अध्वर्यू. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या वर्षी ‘अमेरिकाना’ आली त्याच वर्षी. या कार्यकर्त्यांनी अनेक बायकांची समजूत घालून, भीती घालवून, जटा कापल्या. त्या बायकांच्या बाबतीत मुक्ती कात्रीने आली, शांपूने आली. निसर्गाने आली नाही.

जोगतिणीचे हे जग मराठी साहित्यात आणण्याचे श्रेय मुख्यतः याच पट्ट्यातल्या लेखकांना जाते. सांगली जिल्ह्यातल्या मळणगावच्या चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथा, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याच्या उत्तम बंडू तुप्यांची ‘झुलवा’, आणि शेजारच्या कोल्हापुरातल्या राजन गवसांची ‘चौंडकं’. ‘दर्शन’ आणि ‘चौंडकं’ यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ या २००९च्या चित्रपटात सुलीच्या केसांत जट निघते आणि तिथूनच तिचे आयुष्य तिच्या हातातून जाते. बॉल्टिमोरच्या कचेरीला इफेमेलूचे केस पसंत नसतात आणि सुलीच्या गावाला तिचे केस देवीचे वाटतात. एकीला वळण मोडावे लागते, दुसरीला गुंता राखावा लागतो. दोघींच्या डोक्यावर हात मात्र दुसऱ्याचाच.

म्हणून प्रश्न सरळ की कुरळे हा नाही, नैसर्गिक की कृत्रिम हाही नाही. फणी कोणाच्या हातात आहे, हा आहे. ही कसोटी लावली की ‘अमेरिकाना’तली एक उणीवही दिसू लागते. औषध लावणे जिने सोडले नाही, त्या बाईला कादंबरीत पुरेशी जागा नाही. मॅल्कम एक्सच्या १९६५ साली निघालेल्या आत्मचरित्रातही असेच झाले आहे. बटाटे, अंडी आणि कॉस्टिक सोडा कालवून आपले केस पहिल्यांदा सरळ केले तेव्हा डोक्याची आग कशी झाली ते त्याने सांगितले आहे, आणि त्या कृत्याला स्वतःची अवहेलना ठरवले आहे. त्याचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु परक्या शहरात खोली घेऊन राहणारी, आठवडे मोजणारी, मायदेशाहून येणाऱ्या मैत्रिणीला डबा आणायला सांगणारी, स्वतःच्या डोक्यामागे आरसा धरून नाजूक सांधा सांभाळणारी बाई केवळ अवहेलनेची बळी असते काय? तिच्याजवळ कौशल्य आहे, काटकसर आहे, आपल्या आईच्या हाताची आठवण आहे. धोकाही आहे: २०२२ साली अमेरिकेत 33,000हून अधिक स्त्रियांच्या पाहणीतून असे दिसले की, केस सरळ करण्याची औषधे वर्षातून चारापेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. हे सारे जाणून ती काय ठरवते, आणि ठरवण्याची मोकळीक तिला कितपत आहे, यात एका मोठ्या कादंबरीचे द्रव्य आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ साली केसांच्या वळणावरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करण्यास बंदी घातली. कायद्याने दार उघडते. आत कोण काय ठरवते ते साहित्याने सांगायचे.

आणि आपल्या साहित्याचे काय? वस्तरा चालला तेव्हा मराठी लेखक केसांविषयी बोलला, जट निघाली तेव्हाही बोलला, अंबाड्यावर गजरा आला तेव्हा तर पुष्कळच बोलला. जुलूम आणि शृंगार या दोन टोकांमध्ये रोजची निगा नावाचा जो मोठा प्रदेश आहे, तो मात्र त्याने ओलांडून जायचा म्हणूनच ओलांडला. परड्यात बसून आईने पोरीचे डोके विंचरणे, त्यातली मारझोड आणि माया, उवांची लाज, तेलाचा खर्च, आज साताऱ्यात आणि सांगलीत लग्नाआधी पार्लरमध्ये जाऊन कुरळे केस सरळ करून घेणाऱ्या मुलीच्या मनातली भीती, हे सारे अजून लिहावयाचे आहे. जट कापल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाई आरशासमोर उभी राहते, डोके हलके लागते, आणि देवी कोपेल की काय या धाकाने हात पुन्हा पुन्हा मानेकडे जातो. तिला फणी कशी धरायची ते नव्याने शिकावे लागते. आपल्या कथा बहुधा जट निघण्यापाशी सुरू होतात. ही दुसऱ्या दिवसाची कथा कोणीतरी लिहावी, आणि ती या दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या मुलीने लिहावी, अशी माझी अपेक्षा आहे.