रझांचा बिंदू

चित्रे पाहायची तर आम्हा नरखेडकरांना नागपूरच गाठावे लागते. तिथल्याच कलाशाळेत १९३९ ते १९४३ या काळात मंडल्याकडचे सय्यद हैदर रझा शिकले. त्यांच्या काळ्या बिंदूला समीक्षकांनी तंत्रमार्गाची पाटी लावली, आणि आपल्यातल्या काहींना तो परका वाटू लागला. आम्हांस दोन्ही निवाडे घाईचे वाटतात.

१८८६ साली पॅरिसमध्ये प्रतीकवादाचा जाहीरनामा निघाला. मोरो, रेदाँ यांनी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा मनाला भासते ते रंगवले. १९५० साली पॅरिसला गेलेल्या रझांवर सेझानचा प्रभाव अधिक. तरी प्रतीकवाद्यांची कसोटी त्यांच्या बिंदूलाही लागू पडते, त्याचा एकच एक अर्थ सांगता येऊ नये. ककैयाच्या शाळेत चंचल पोराचे मन थाऱ्यावर यावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढलेला ठिपका त्यात आहे. उर्दू वाचणाऱ्याला नुक्ता आठवला, तर तेही गैर नाही. १९८१ च्या 'माँ' या चित्रात देवनागरी ओळीसोबत तो विहिरीसारखा खोल दिसतो.

पुढे मात्र तोच बिंदू इतक्यांदा आला, की प्रतीकाचा शिक्का झाला. रझा आपले म्हणून हे झाकायचे कशाला?