वाचनालय आणि वाचन: दोन पेपर शेजारी ठेवून

शाळेतल्या वाचनालयावर प्रपोजल लिहिताय? मग हे दोन पेपर एकत्रच वाचा. गंमत म्हणजे ली लिंडन दोन्हींचे सहलेखक आहेत.

पहिला २०१२चा, बंगळुरूच्या अक्षरा फाउंडेशनच्या वाचनालयांवर केलेला आरसीटी. १६ महिन्यांनी घेतलेल्या भाषेच्या चाचणीत एकूण फरक शून्य. बाहेरून शाळेत येणाऱ्या फिरत्या वाचनालयाचा परिणाम तर चक्क उणे! दुसरा २०१४चा, फिलिपिन्सचा. चौथीच्या मुलांना वयाला साजेशी पुस्तकं, शिक्षकांना प्रशिक्षण आणि ३१ दिवसांचा वाचन-उपक्रम. वाचनकौशल्य ०.१३ प्रमाण विचलनाने वाढलं, मुलं घरीही जास्त वाचू लागली.

यावरून आपण लगेच म्हणतो, नुसती पुस्तकं ठेवून भागत नाही, शिक्षक तयार हवा. मलाही तसंच वाटतं. पण या तुलनेतून ते सिद्ध होत नाही. देश वेगळे, चाचण्या वेगळ्या, आणि मुख्य म्हणजे मोजायची वेळ वेगळी. फिलिपिन्समध्ये तीनच महिन्यांनी ०.१३चे ०.०६ झाले. तिथेही १६ महिन्यांनी मोजलं असतं तर किती उरलं असतं?

शिवाय बंगळुरूच्या पेपरचा निकष भाषाकौशल्य आहे, वाचनाची गोडी नाही. तरी ‘वाचनालयांचा उपयोग होत नाही’ या वाक्यापुढे तो सर्रास टाकला जाईल. तुमच्या शीर्षकात ‘वाचनाची आवड’ असेल, तर ती कशाने मोजणार हे आधी लिहा: चाचणीचे गुण, घरी नेलेली पुस्तकं, की मोकळ्या तासाला मुलीने आपणहून उचललेलं पुस्तक? गाइड पहिला प्रश्न हाच विचारतात.