तेरा सामने जिंकून पाचवा: लायक कोण आणि सरस कोण?

‘पात्रता’ या शब्दाकडे आज आपण एका खेळाच्या निमित्ताने बघणार आहोत. खेळ अमेरिकेतला, महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल. नियम माहीत नसले तरी अडणार नाही. एवढंच लक्षात ठेवा, की एका बाजूने 11 जण खेळतात आणि चढाईची सूत्रं क्वार्टरबॅक नावाच्या एका खेळाडूच्या हाती असतात.

साल 2023, संघ फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा. सलामीलाच त्यांनी एलएसयूला 45-24 हरवलं, पुढे क्लेमसनला जादा वेळेत 31-24. 18 नोव्हेंबरला क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसच्या पायाला जबर दुखापत झाली, त्याचा हंगाम तिथेच संपला. बदली खेळाडू घेऊन त्यांनी फ्लोरिडाला 24-15 हरवलं. मग तोही जायबंदी! शेवटी तिसऱ्या क्रमांकाचा, पहिल्या वर्षाचा पोरगा उभा करून लुईव्हिलला 16-6 हरवलं आणि आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं. 13 सामने, 13 विजय.

दुसऱ्या दिवशी, 3 डिसेंबरला, निवड समितीने राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळणारे चार संघ जाहीर केले: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवा. टेक्सस आणि अलाबामा एकेक सामना हरलेले होते. चार संघांची ही पद्धत 2014 च्या हंगामापासूनची. बड्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ.

समितीचं म्हणणं आधी नीट समजून घेऊ. ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पहिल्या अकरा आठवड्यांतला संघ उरलेला नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. महत्त्वाचा खेळाडू नसणं विचारात घ्यायची मुभा नियमांत होतीच. ॲरिस्टॉटल म्हणतो, की उत्तम बासरी उत्तम वाजवणाऱ्याला द्यावी. त्याच न्यायाने समिती म्हणते, मंच त्याला द्यावा जो तिथे सर्वांत चांगला खेळेल. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

पण इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ‘कोण लायक ठरला?’ हा प्रश्न भूतकाळाला विचारायचा असतो. ‘कोण सरस ठरेल?’ हा भविष्याला. जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञाने दाखवून दिलं, की लायकीला आधार लागतो, आणि तो त्या माणसाच्या स्वतःच्या कृतीत किंवा गुणात असावा लागतो. भाकीत हा असा आधार नव्हे. भाकितावरच जागा द्यायच्या, तर तेरा सामने खेळवायचेच कशाला? हंगाम मग चाचणीपुरता उरतो.

आणि भाकीत तरी किती भरवशाचं? याच पद्धतीच्या पहिल्या वर्षी ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले होते. तिसरा कार्डेल जोन्स उतरला, विस्कॉन्सिनला 59-0 हरवलं, समितीने चौथी जागा दिली आणि ते राष्ट्रीय विजेते झाले. कोणी म्हणेल, त्यांनी 59 गुण केले होते, फ्लोरिडा स्टेटने फक्त 16. बरोबर. पण लुईव्हिलला 6 गुणांवर रोखणारी फळी ही गुणवत्ता नव्हे का? की गुण मिळवणं तेवढा गुण, आणि गुण रोखणं म्हणजे काहीच नाही?

आणखी एक विसंगती बघा. 28 नोव्हेंबरच्या क्रमवारीत याच समितीने फ्लोरिडा स्टेटला चौथं ठेवलं होतं, ट्रॅव्हिस नाही हे माहीत असताना. त्यानंतर ते जिंकले, आणि पाचवे झाले.

आता नेहमीचा आक्षेप: पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने त्यांना 63-3 असं चिरडलं, म्हणजे समितीचंच खरं ठरलं! आम्हाला हा पुरावा मान्य नाही. त्या सामन्यात कित्येक मुख्य खेळाडू उतरलेच नाहीत. चौघांत जागा मिळाली असती तर ते उतरले असते, असं मानायला जागा आहे. निर्णयाने जी परिस्थिती घडवली, तीच निर्णयाची साक्षीदार म्हणून उभी करायची, हा चक्रक तर्क झाला.

सर्वांत बोचरी गोष्ट मात्र ट्रॅव्हिसची. निर्णयानंतर त्याने लिहिलं, की आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, मग हा संघ केवळ क्वार्टरबॅकपुरता नाही हे लोकांना दिसलं असतं. विचार करा. ज्या निकषाखाली एखाद्या मुलाला स्वतःचा अपघात ही सहकाऱ्यांशी केलेली प्रतारणा वाटू लागते, तो निकष कोणाला शिक्षा करतो? न केलेल्या चुकीची शिक्षा, आणि तीही बाकीच्यांना.

2024 पासून 12 संघ घेतात, आणि त्यांत क्रमवारीतल्या वरच्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना जागा राखून ठेवण्याचा नियम आला. जागा वाढल्या याचं आम्हाला फारसं कौतुक नाही. बारा झाले तरी तेरावा असतोच. कौतुक आहे ते राखीव जागांचं. विजेत्यांमधला क्रम अजूनही समितीच ठरवते, हे खरं. तरीही मैदानावर मिळवलेल्या विजेतेपदाला तिथे थोडं का होईना हक्काचं स्थान मिळालं. मत बदलू शकतं, आठवड्यागणिक बदलतं. हक्क एकदा कमावला की तो कोणाच्या अंदाजावर टांगलेला राहत नाही. ट्रॅव्हिसच्या सहकाऱ्यांकडे विजय 13 होते, हक्क एकही नव्हता.