द्विरुक्तीचा अंक आणि संगणकीय वर्णसंकेत

जुन्या मराठी हस्तलिखितांत व शिळाछापाच्या पोथ्यांत 'हळू २' असे लिहिलेले आढळते. ते 'हळूहळू' असे वाचावयाचे असते. येथील २ हा संख्येचा वाचक नव्हे. मागील पद पुन्हा उच्चारावे अशी ती वाचकास दिलेली सूचना होय. हा मजकूर युनिकोडमध्ये उतरविला असता त्या खुणेस ०९६८ हाच, म्हणजे देवनागरी दोनाच्या अंकाचा, संकेत मिळतो आणि यंत्रापुरते तिचे मूल्य दोन एवढेच उरते. मोडीचा युनिकोडमध्ये समावेश २०१४ साली झाला. तीत संक्षेपचिन्हास स्वतंत्र स्थान लाभले, द्विरुक्तीस लाभले नाही. ही उणीव मानावी काय?

मानणारे जपानी लिपीकडे बोट दाखवितील. तेथे चित्राक्षराची पुनरुक्ती दर्शविणाऱ्या खुणेस ३००५ हा संकेत असून तिची गणना अंकांत वा विरामचिन्हांत न होता अक्षरवर्गात होते. परंतु हा आदर्श वाटतो तितका निर्दोष नाही. उभ्या लेखनातील लांब पुनरुक्तिचिन्ह दोन अक्षरांची उंची व्यापते. त्यास ३०३१ हा अखंड संकेत दिलाच. शिवाय ३०३३ व ३०३५ असे वरच्या व खालच्या अर्ध्या भागांसही दिले. एकच खूण दोन प्रकारे लिहिता येऊ लागली, आणि शोध घेणाऱ्यास दोन्ही ठाऊक असणे भाग पडले. येथे संकेत कार्यास न देता खिळ्यास दिला, असेच म्हणावे लागते. ३००५ चेही सामर्थ्य मर्यादितच. 'हितो' म्हणजे माणूस. त्याची द्विरुक्ती 'हितोबितो' अशी होते. 'ह'चा 'ब' झाल्याची वार्ता ती खूण देत नाही.

आपल्याकडील प्रश्नाचे मर्म नेमके येथे आहे. 'घर २' असे आढळल्यास 'घरघर' वाचावे, 'घरोघर' की 'घरोघरी'? अभ्यस्त रूपातील मधला ओकार अंकाने झाकला जातो. लिप्यंतरकार सुवाच्यतेसाठी 'घरोघर' असे निमूटपणे लिहितो. पुढे कोणी संशोधक त्याच मजकुरावरून ओकारयुक्त द्विरुक्तीची वारंवारता मोजतो. तो जे मोजतो ती संपादकाची भाषा होय, लेखनिकाची नव्हे. रत्नागिरीकडील खोती दप्तरांसारख्या हिशेबी कागदांत तर खरे अंक पावलोपावली येतात. तेथे यंत्राकडून हा विवेक होण्याची आशा धरू नये.

तरीही स्वतंत्र संकेताची मागणी प्रस्तुत लेखकास मान्य नाही. लेखनिकाने लिहिला तो अंकच. त्याच्या लेखी दोन वेगळी चिन्हे नव्हती. (इंडोनेशियातही १९७२ च्या लेखनसुधारणेपूर्वी अनेकवचनी द्विरुक्तीसाठी साधा २ लिहीत. थाई लिपीने मात्र वेगळे चिन्ह घडविले. त्याच्या 'मै यमोक' या नावात आपले 'यमक' दडले आहे.) नवा संकेत आल्यास प्रत्येक २ पाशी लिप्यंतरकारास निवड करावी लागेल, आणि त्या निवडीची कारणे मजकुरात कोठेच उरणार नाहीत. याहून 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह'ची रीत बरी: मूळ २ जसाच्या तसा ठेवावा, पूर्ती त्यालगत निराळी नोंदवावी, आणि ती कोणी केली हेही लिहावे. विभागात सादर होणाऱ्या लिप्यंतरांस एवढी अट घालण्यास हरकत नसावी.