कौटिल्याचा संधिविचार आणि वडगावचा तह : एक चिकित्सा

प्रस्तावना
राष्ट्रांनी केलेले तह पाळावेत काय, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच राज्यशास्त्राचाही आहे. १९६९च्या व्हिएन्ना कराराच्या २६व्या कलमाने अमलात असलेला प्रत्येक तह पक्षकारांवर बंधनकारक ठरविला आणि तो सद्भावनेने पाळावा असे सांगितले. आपल्याकडे मात्र ही चर्चा निघताच कौटिल्याचा हवाला देऊन 'राजकारणात वचनाला किंमत नसते' असे म्हटले जाते. हे मत अर्थशास्त्राच्या संहितेवर कितपत टिकते, हे वडगावच्या तहाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संहितेचे म्हणणे
सातव्या अधिकरणाच्या सतराव्या अध्यायात प्रथम पूर्वाचार्यांचे मत येते : सत्य वा शपथ यांवर आधारलेला संधी अस्थिर, तर जामीन वा ओलीस यांवर आधारलेला स्थिर. कौटिल्य हे मत खोडून काढतो. त्याच्या मते शपथेचे बंधन इहलोकी व परलोकीही असते. जामीन आणि ओलीस यांचे बळ इहलोकापुरते व तेही सामर्थ्यावर अवलंबून असते. परंतु आपले बळ वाढू लागताच ओलीस कसा सोडवून न्यावा, याच्या युक्त्याही तो त्याच अध्यायात देतो. ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. त्याचे पहिले विधान नीतीचा उपदेश नसून तहाच्या स्वरूपाविषयीचे निरीक्षण आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

इतिहासाची कसोटी
पुरंदरच्या तहाने (१७७६) कंपनीने राघोबादादांचा पक्ष सोडण्याचे मान्य केले होते. तरीही मुंबईकरांनी त्यांना आश्रय दिला व १७७८च्या अखेरीस पुण्यावर फौज पाठविली. जानेवारी १७७९ मध्ये ही फौज वडगावला कोंडली गेली. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करण्याचे कबूल करून आणि फार्मर व स्टुअर्ट हे दोन ओलीस देऊन तिने सुटका करून घेतली. पुढे, तह करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे सांगून कंपनीने तो झिडकारला. ओलीस हाती असूनही तह टिकला नाही. पूर्वाचार्यांच्या मताचा याहून स्पष्ट पराभव क्वचितच आढळेल.

येथे एक आक्षेप संभवतो. वडगावचा तह दडपणाखाली झाला होता, आणि बळाच्या धाकाने लादलेला तह व्हिएन्ना कराराचे ५२वे कलमही रद्दबातल मानते. तथापि आधीचा तह मोडून चालून येणाऱ्याच्या तोंडी ही सबब शोभत नाही. शिवाय फौजेची सुखरूप सुटका हा तहाचा लाभ पदरात पाडून घेऊन त्याचे ओझे तेवढे नाकारणे, हा अधिकाराचा वाद नव्हे. ती फसवणूकच होय.

सालबाईच्या तहात (१७८२) महादजी शिंदे उभय पक्षांचे हमीदार झाले. प्रतिपक्षाला आवरू शकेल असा जामीन घ्यावा, हे कौटिल्याचे सूत्र येथे प्रत्यक्षात आले आणि सुमारे वीस वर्षे शांतता नांदली. मात्र जामिनाचे बळ व्यक्तीच्या सामर्थ्याएवढेच असते, हेही खरे ठरले. १७९४ मध्ये महादजी निवर्तले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला आणि १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटले.

समारोप
तह कधीच सोडू नये, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिका २००२ मध्ये १९७२च्या क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडली, ती करारातील तरतुदीनुसार सहा महिन्यांची पूर्वसूचना देऊन. तो निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हा वाद वेगळा. पण उघड माघार आणि सोयीस्कर नकार यांत भेद केलाच पाहिजे. पहिलीत पुढील तहाला जागा उरते, दुसरा शब्दावरचा विश्वासच संपवितो. म्हणूनच वचनभंगाच्या समर्थनार्थ कौटिल्याला साक्षीस बोलावणाऱ्यांनी त्याची साक्ष पूर्ण ऐकावी. युक्त्या सांगणाऱ्या त्या व्यवहारी ग्रंथकारालाही शपथेहून बळकट बंधन सापडले नव्हते.